सगळ्या खोल्यांची सरासरी

भोसरीतल्या त्या प्लेटिंगच्या कारखान्यात पाऊल टाकलं की जिभेवर लोखंडाची चव यायची. मागच्या खोलीत ॲसिडच्या टाक्या होत्या. तिथल्या पाइपांवर हिरवट खपली धरलेली, आणि मी नुकत्याच भिंतीवर बसवलेल्या सेन्सरच्या डबीचे स्क्रू एवढ्यातच गंजलेले. मला तिथे पाणीसुद्धा पिववायचं नाही. टाक्यांवर काम करणाऱ्या एक मावशी मात्र दाराशीच डबा खायच्या आणि घासागणिक खोकायच्या.

मी मोशीतल्या एका छोट्या फर्ममध्ये इंजिनिअर होते. हवेतली वाफ मोजणाऱ्या अशा डब्या आम्ही कारखानाभर लावल्या होत्या. वायर नाही, सगळं बॅटरीवर. प्रत्येक डबी आपला आकडा शेजारच्या डबीला द्यायची, ती पुढच्या डबीला, असं करत तो ऑफिसातल्या स्क्रीनवर पोचायचा. मागच्या खोलीचा आकडा पहिल्यापासूनच लाल होता, कारण तिथला वाफ ओढणारा पंखा बंद पडला होता.

कारखान्याच्या मॅनेजरनी मला आणि माझ्या साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. आत एसी, मोगऱ्याचा स्प्रे, टेबलावर पोह्यांच्या बशा.

"हे लाल कशाला दाखवताय?" मॅनेजर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे."

साहेब म्हणाले, "बॅटरी वाचवायला सगळे आकडे वाटेतच एकत्र करता येतात. मग स्क्रीनवर नुसती सरासरी येईल. स्टोअर, पॅकिंग, गेट, सगळं धरून."

"म्हणजे हिरवं?"

"हिरवं."

तंत्र खोटं नव्हतं. गोदामांचं तापमान मोजताना मीही ते वापरलं होतं. पण इथे गेटवरच्या मोकळ्या हवेत मावशींच्या छातीतली वाफ मिसळून टाकायची होती.

"पंखा दुरुस्त केला तर आकडा आपोआप उतरेल," मी म्हणाले.

"पोहे घ्या मॅडम," मॅनेजर लिंबू पिळत म्हणाले.

मी बशी बाजूला सारली. मी साहेबांना सांगितलं की हे मी करणार नाही. ते रागावलेसुद्धा नाहीत. लॅपटॉप ओढून त्यांनी स्वतःच करून टाकलं. स्क्रीन हिरवी झाली तसे दोघं हसले, आणि पोहे खाऊ लागले.

मी बाहेर आले तर मावशींनी अडवलं. "ताई, त्या डबीत काय दिसतंय? आमाला कुणी सांगतच न्हाई."

मी डबीजवळ मोबाइल धरून तिचा मूळचा आकडा दाखवला. किती असायला हवा तेही सांगितलं. मावशींनी बाकीच्या बायकांना हाक मारून मला पुन्हा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला टाक्यांवरच्या बायका आत गेल्याच नाहीत. गेटबाहेर पदर नाकाला लावून बसून राहिल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मेकॅनिक आला आणि पंखा फिरू लागला.

"तू क्लायंटची माणसं भडकवलीस," साहेब म्हणाले. मी राजीनामा लिहून दिला. हिरव्या स्क्रीनचं काम त्यांना पुढे चाकणमध्येही मिळालं, असं ऐकलं. ऐकून उबग आला, नवल वाटलं नाही.

मावशींचा अधूनमधून फोन येतो. लाइटबिल वाढतं म्हणून सुपरवायझर पंखा बंद करतो, त्या जाऊन पुन्हा लावतात. तो काही बोलला का विचारलं, तर म्हणाल्या, "बोलतो की. बोलू दे. आमी बटणापाशीच उभ्या ऱ्हातो."