ताईची वेणी आणि उंदरांचं जेल

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, उलटल्यानंतरचा पहिला रविवार, सकाळ. ताईच्या घरची गॅलरी. हजर: ताई, भाऊजी, त्यांची मुलगी आणि मी. कामं दोन: ताईच्या डोक्याला तेल, आणि बुधवारच्या केमोसाठी पिशवी भरणे.

केमोचा पहिला डोस होऊन गेला होता आणि कंगव्यात केस येऊ लागले होते. रविवारी एकमेकींना तेल लावायची आमची रीत लहानपणची. लग्नानंतर दोघीही बडोद्यातच राहिलो, म्हणून ती टिकली. आज मी बोटं अगदी हलकी फिरवली, तरी तळहाताला केस चिकटले. ते मी रुमालात गुंडाळले.

"लपवू नकोस," ताई समोर बघतच म्हणाली. "मला कळतं."

भाची औषधशास्त्रात संशोधन करते. आईला बरं वाटावं म्हणून ती सांगू लागली. त्यांच्या शेजारच्या प्रयोगशाळेत एक जेल बनवतायत. त्यात केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक कण असतात, आत औषध भरलेले. केमोच्या आधी कातडीला चोळलं की कण केसांच्या मुळाशी जाऊन बसतात, औषध तिथंच हळूहळू सोडतात आणि मुळं वाचतात.

"उंदरांचे केस बरेच टिकले, आई."

"उंदरांची चैन आहे," भाऊजी पेपरामागून म्हणाले. "माझ्या डोक्याचं कधीच मैदान झालं, तेव्हा कुणी विचारलं नाही."

ताई हसली नाही. "माणसांना कधी मिळेल?"

"काही वर्षं तरी जातील. माणसांवर तपासायचंय अजून. रक्तात उतरून ते केमोपासून गाठीलाच वाचवत नाही ना, हेही बघायला लागतं."

"मग मी थांबते. बुधवार राहू दे. जेल आलं की उरलेले डोस घेईन."

पेपर खाली आला. भाची रडकुंडीला आली. "आई, गाठ थांबणार नाही गं." तिनं चांगली बातमी म्हणून सांगितलं होतं, ताईनं त्यावर वायदा ठरवून टाकला.

"केस परत येतात, ताई," मी म्हणाले.

"तुझे गेले होते का?" मग म्हणाली, "वाडीच्या बाजारात भाजी घेताना मला पाठमोरी ओळखतात. ‘लांबा चोटलावाळा बेन’, लांब वेणीवाल्या ताई, म्हणून हाक मारतात. उद्या कुणाला मारतील?"

मलाही ते जेल हवं होतं. आत्ता, या वाटीत, तेलाच्या जागी. शाळेच्या घाईत ती आरशासमोर बसायची, मी तिच्या वेणीचं टोक धरून उभी असायचे आणि ती म्हणायची, ओढू नकोस, तुटेल. आज न ओढताही तुटत होती.

"घाल वेणी," ती म्हणाली. "घट्ट घाल."

मी सैलच घातली. शेवटचा पेड करंगळीएवढा झाला.

"बुधवारी न्यायला येऊ ना?" मी विचारलं.

"बघू."

भाची तिच्या पायाशी बसली होती. ताईनं तेलकट हातानंच तिचे डोळे पुसले, पण हो म्हणाली नाही.

पिशवी मी तरीही भरली: फाइल, शाल, पाण्याची बाटली, मऊ सुती रुमाल. येणार की नाही, हे दवाखान्याला उद्या सकाळी कळवायचं आहे. फोन मीच करणार. काय सांगायचं, ते ताईकडून अजून वदवून घ्यायचं आहे.