मेमोवरचं नाव

गेल्या महिन्यात कट्टा गावच्या बाजारात बांगडे घेत होते, तेव्हा कळलं की आमच्या मेस्त्रीबाई गेल्या. सांगणारीने वर पुस्ती जोडली, “बरी होती गो बाई. कोणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अध्यात नाही? अहो, ती बाई सगळ्यांच्या अध्यात होती आणि मध्यातही! म्हणून तर हे लिहायला बसले...

जिल्हा नवा होऊन थोडी वर्षं झाली होती. तालुक्याच्या कचेरीत निवडणुकीच्या टेबलावर आम्ही दोघी, बाई आणि मी. बाई वरिष्ठ. मी नवी, नोकरी कायम व्हायची होती. फौजेतल्या मतदारांना टपालाने मतपत्रिका पाठवायचं काम आमच्याकडे. मतपत्रिकेवर जो नंबर, तोच तिच्या आतल्या पाकिटावर आणि सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर हवा. नंबर जुळला नाही तर मोजणीच्या दिवशी पाकीट न उघडताच मत बाद. आणि मी काय करावं? यादीत विष्णू सावंत दोन, एक धामापूरचा, एक कट्ट्याचा. मी एकाचा नंबर दुसऱ्याच्या पाकिटावर लिहिला आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. बाईंनी ते गठ्ठ्यात तपासून सही केली आणि टपाल गेलं.

तिसऱ्या दिवशी रजिस्टरात मतपत्रिकेचा आणि पाकिटाचा नंबर ताडून बघताना बाईंच्याच ते लक्षात आलं. माझ्या डोळ्यांतून धारा. त्या म्हणाल्या, “रडतस कित्याक गो? रडान पाकीट परत येवचा नाय.” आणि उठून थेट साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

साहेब हसले. “दोन मतं हो बाई! त्यानं कोण पडणार आहे? रजिस्टरात खाडाखोड करून नंबर जुळवा आणि विषय मिटवा.”

“साहेब, रजिस्टर खोडल्याने सरहद्दीवरचं पाकीट बदलत नाही.”

साहेबांनी दम दिला, आवाज चढवला. बाई हलल्या नाहीत. हाताने टिपणी लिहिली : पहिले दोन संच रद्द करावेत, पलटणींना तार करावी, नवे संच रजिस्टर्ड टपालाने पाठवावेत. वरून मंजुरी येईपर्यंत रोज सकाळी त्याच दारात. रजिस्टरात चुकीच्या नंबरावर एकच रेघ मारली, खालचा आकडा स्वच्छ वाचता येईल अशी, आणि शेजारी सही केली. टिपणीत चूक कोणाची, तिथे स्वतःचं नाव घातलं. मी हात धरला, तर म्हणाल्या, “गप रव. तुझी नोकरी अजून कच्ची आसा, माझी पिकान इली.” ठपक्याचा मेमो आला तो त्यांच्या नावाने. हक्काची बढती गेली आणि साहेबांच्या मर्जीतल्या माणसाला मिळाली. माझं तोंड शिवलेलं. लाज वाटते मला, अजून वाटते.

मोजणीच्या आदल्या दिवशी दोन्ही पाकिटं आली. मोजणीला नंबर जुळले, पाकिटं बाकीच्यांत मिसळली. मतपत्रिका बाहेर काढल्या, तर एक चक्क कोरी! मत गुप्त, म्हणून नंबरावरून कोणाची ते ताडून बघायला मनाई होती; आमच्या सावंतांपैकी एकाची असेल नाहीतर नसेलही. पण साहेबांना निमित्त मिळालं. “घ्या बाई! ह्यासाठी एवढा खटाटोप?” साहेबांपुढे कायम शुद्ध बोलणाऱ्या बाई भर टेबलावर मालवणीत कडाडल्या, “सायब, मत फुकट घालवचो हक्क तेचो. आमचो न्हय!”

साहेबांनी पुढची मतपत्रिका उचलली.

बाराव्याला त्यांच्या घरी गेले. लेकीने आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला तो ठपक्याचा मेमो खळीने चिकटवलेला... रोज लुगडं काढताना दिसेल असा. लेक म्हणाली, “आवशीन नोकरीत एकच चूक केल्यान, मावशी, ती पण डोळ्यांफुडे लावन ठेवल्यान.” खरं काय ते घरच्यांनाही सांगितलं नव्हतं बाईंनी! आणि मी? मी भित्री, तिथेही मान खाली घालून चहा प्यायले.

पण आता पुरे. बाय माझे, तुझ्या आईने ती चूक केली नव्हती. ते दोन्ही नंबर माझ्या हातचे. छापून येतंय ते कचेरीतही वाचतील, वाचू देत. माझ्या नोकरीची बरीच वर्षं बाकी आहेत. मेमो पुन्हा काढायचा तर काढा, पण ह्या वेळी नाव बरोबर घाला.