लिफ्टमन वगळून

जावयाने कोट बुडवला तो चांगल्या हेतूने. जगातलं बरंचसं नुकसान चांगल्या हेतूनेच होतं, आणि करणारा बहुतेक वेळा शिकलेला असतो. सासऱ्यांना कित्येक महिन्यांनी दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. त्यांचा कोट तेवढेच महिने खुंटीला टांगलेला होता, आणि त्यावर काय काय येऊन बसलं असेल कोण जाणे, अशी शंका जावयाच्या डोक्यात आली. साथीच्या त्या काळात त्याच्या डोक्यात दुसरं काही येतही नसे. तो काकड्यांना साबण लावायचा, वर्तमानपत्राला इस्त्री करायचा आणि दुधाची पिशवी दाराबाहेर एकटी बसवून ठेवायचा. तेव्हा त्याने बादलीभर पाण्यात फरशी पुसायचं जंतुनाशक सढळ हाताने ओतलं आणि सोनेरी बटणांचा तो मरून कोट, कोणालाही न विचारता, आत सोडून दिला.

बाहेर काढला तेव्हा जंतू मेले होते की नाही हे कळायला मार्ग नव्हता. रंग मात्र नक्की मेला होता. पाठीवर गुलाबी नकाशे उमटले होते आणि डावी बाही तर आजारी माणसाच्या जिभेसारखी दिसत होती. सासूबाई खुर्चीत बसल्या. बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की लग्नाआधीच हे का नाही पाहिलं, असं तिला वाटत असावं. सासरे आले, त्यांनी कोट दोन बोटांनी उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "जावईबापू, बटणं राहिली. तीही घाला बुडवून."

सासऱ्यांना सगळे कॅप्टन म्हणत. ते ना जहाजावर होते ना सैन्यात. शहरातल्या एका जुन्या बहुमजली दुकानात लिफ्टमन होते. पण लिफ्टचं दार लागलं की आत त्यांचा अंमल. कोणी कुठे उभं राहायचं, छत्री कशी धरायची आणि मुलाला कडेवर कधी घ्यायचं, हे ते ठरवत. दुकानाचा मालकसुद्धा आत शिरला की पोट आत घेऊन कोपऱ्यात उभा राहायचा. मजला आला की कॅप्टन त्याची घोषणा करत. "पहिला मजला. साड्या, शर्ट, आणि बायको आत असेपर्यंत नवऱ्यांनी बसायची बाकं." "तिसरा मजला. खेळणी. पालकांनी मन घट्ट करावं." यातला एकही शब्द कंपनीने शिकवलेला नव्हता.

गिऱ्हाइकांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. लोक बटण दाबत नाहीत, बटणाशी भांडतात, असं ते म्हणत. एकदा दाबल्यावर लिफ्टला समजतं, पण माणसाला आपण दाबलेलं समजत नाही. वरच्या मजल्यावर जायचं असताना खाली जाणाऱ्या लिफ्टमध्ये घुसणारे, आत येऊन आरशात फक्त स्वतःलाच नमस्कार करणारे, दार लागता लागता मध्ये पाय घालणारे, असे माणसांचे प्रकार त्यांनी उभ्याउभ्या अभ्यासले होते आणि एकालाही पास केलं नव्हतं.

मग साथ आली आणि दुकान बंद झालं. कोणाला कामावरून काढू नका, पगाराचा मोठा वाटा आम्ही सोसतो, असं सरकारने मालकांना सांगितलं, आणि कॅप्टन घरी बसून पगार घेऊ लागले. शेजाऱ्यांना याचा हेवा वाटे. कॅप्टनना किळस वाटे. "काहीही न करता मानाने पोसला जातो तो जावई," असं ते सासूबाईंना म्हणाले होते, मुद्दाम जावयाला ऐकू जाईल इतक्या हळू. "या वयात सरकारने मला जावई करून ठेवलाय."

खरा जावई तेव्हा त्यांच्याच घरात होता. भाड्याची खोली सोडून तो आणि मुलगी 'थोडे दिवस' म्हणून राहायला आले होते, आणि कॅप्टनांच्या झोपायच्या खोलीत त्याने आपलं ऑफिस थाटलं होतं. वरून शर्ट, खालून पायजमा घालून तो दिवसभर संगणकाला "माझा आवाज येतोय का?" असं विचारत बसायचा. त्याची मीटिंग चालू असताना कॅप्टननी मागून जायचं नाही, शिंकायचं नाही, कपाट उघडायचं नाही. आयुष्यभर इतरांना कुठे उभं राहा ते सांगणारा माणूस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मटार सोलत, आपल्याच कपाटाशी जायची वेळ कधी येते याची वाट पाहायचा.

अशात मॅनेजरचा फोन आला. दुकान उघडतंय, या. सरकारी मदत या महिनाअखेर संपतेय. पुढचं तुमचं काय करायचं ते नंतर बघू. ते 'बघू' घरात येऊन बसलं ते उठेचना. सासूबाईंना वेगळीच धास्ती होती: बंद डबा, परक्यांचे श्वास आणि ह्यांची मुळातच नाजूक छाती. जेवणाच्या टेबलावर चर्चा झाली. मुलीचं म्हणणं, जाऊ देऊ नये. जावयाचं म्हणणं, दोन आठवडे पाठवून आकडे पाहावेत. कसले आकडे ते त्याने सांगितलं नाही. सासूबाईंचं म्हणणं डोळ्यांतून वाहत होतं. कॅप्टन समोरच बसून भात कालवत होते. त्यांचं मत कोणी विचारलं नाही; आमटी हवी का, एवढंच विचारलं गेलं.

कामावर जायच्या दिवशी पहाटे जावई पाणी प्यायला उठला, तर कॅप्टन कपाटाच्या आरशासमोर तो गुलाबी कोट घालून उभे होते आणि हळू आवाजात घोषणा म्हणत होते. पहिला मजला झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला ते अडले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. जावई तसाच तहानलेला परत गेला. निघायची वेळ झाली तेव्हा तो स्कूटरची किल्ली घेऊन दाराशी उभा होता. कॅप्टन म्हणाले, "या. वाटेत बुडवू नका म्हणजे झालं."

दुकानात ठिकठिकाणी शहाणपणा चिकटवला होता. लिफ्टच्या आत जमिनीवर पावलांच्या ठशांचे दोन जोड, दोन्ही भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. दारावर मुख्य कार्यालयाची सूचना: एका वेळी फक्त दोन व्यक्ती. आणि बटणांवर प्लास्टिक. दुकान बंद असतानाही रोज निर्जंतुक करायचं म्हणून रोज नवा थर, पण जुना काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे आकडे मोतीबिंदू झाल्यासारखे दिसत होते.

मॅनेजर तरुण होता आणि 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं म्हणायचा. त्याने कोटाकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि हिशेब सांगितला: व्यक्ती दोन, त्यात तुम्ही एक, म्हणजे गिऱ्हाईक एकच. परवडत नाही. तेव्हा तुम्ही दाराबाहेर उभे राहा, लोक आपापलं दाबतील. खरं तर इतके महिने मालाची ने-आण करायला लिफ्ट तुमच्याशिवाय चाललीच होती, असंही तो हसून म्हणाला.

जावई तळमजल्यावर भांड्यांच्या विभागात एक कढई उलटसुलट करत उभा राहिला. माणसं दोघं दोघं येत, आत जात, धुरकट बटण दाबत आणि नशिबात असेल त्या मजल्यावर उतरत. पडदे घ्यायला गेलेली बाई बाहुली पाहून परत आली. कॅप्टन दाराबाहेर, हात मागे बांधून उभे.

दुपारी मुख्य कार्यालयातले दोन साहेब पाहणीला आले. मॅनेजर त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरायला गेला, तोच कॅप्टननी हात आडवा केला. "साहेब, दोनच."

मॅनेजर म्हणाला, अहो, मी आहे. कॅप्टननी सूचनेकडे बोट केलं. ती लिहिणारे दोघे आतच होते. त्यांना ही शिस्त फार आवडली; त्यांनी मान डोलावली, आणि मॅनेजरला जिन्याने धावत जाण्यावाचून इलाज राहिला नाही. साहेबांनी बटण दाबलं. कॅप्टननी दार लागेपर्यंत अदबीने पाहिलं.

मॅनेजर वरच्या मजल्यावर धापा टाकत पोहोचला. साहेब पोहोचले नाहीत. ते तळघरातल्या गोदामात उतरले होते, जिथे हातपाय मोडलेले कपड्यांचे पुतळे ठेवतात. अंधारात दिवा कुठे ते ठाऊक नाही, परत यायला बटण दिसत नाही. त्यातल्या एका साहेबाने म्हणे पुतळ्यालाच वाट विचारली. शेवटी हाका ऐकून कॅप्टन जिन्याने खाली गेले, दिवा लावला, आणि लिफ्टचं दार उघडून गंभीर आवाजात म्हणाले, "गोदाम. मोडकी माणसं. वर येणाऱ्यांनी यावं."

नियम दोघांचाच, आणि तो बदलणं म्हणजे मुख्य कार्यालयाची चूक कबूल करणं. आणि लिफ्टमन तर हवाच, हे साहेबांना पुतळ्यांनी पटवून दिलेलं. तासाभरात तोडगा निघाला. जुन्या सूचनेखाली मॅनेजरने स्वतःच्या हाताने नवी ओळ चिकटवली: 'एका वेळी फक्त दोन व्यक्ती (लिफ्टमन वगळून).' महिनाअखेरचं 'बघू' त्याने मागे घेतलं आणि कॅप्टनांच्या खांद्यावर थोपटायला हात उचलून, अंतर आठवून, हवेतच थोपटला.

कॅप्टन आत गेले. पहिल्यांदा त्यांनी नखाने बटणांवरचं प्लास्टिक थराथराने सोलून काढलं. जावई कढई ठेवून दाराशी आला, सूचना वाचली, आणि सकाळपासून साठलेला सगळा पश्चात्ताप त्याच्या रागात उतरला. ही शुद्ध टिंगल आहे, असं तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या माणसाला कंसात टाकतात म्हणजे काय.

"बाबा, तुम्हाला यांनी माणसांतच धरलेलं नाही. आत्ताच्या आत्ता घरी चला. आम्ही आहोत ना."

कॅप्टननी गुलाबी बाही सारखी केली आणि दार ओढून घेता घेता म्हणाले, "घरी तरी कुठे धरता?"