मधली फळी

माइरेबाई गावच्या शाळेवर नेमणूक होऊन आल्या तेव्हा शाळा उघडायला अजून महिना होता. सामान लावून झालं होतं, ओळख कुणाशीच नव्हती. जुलैचा पहिला रविवार, गावची मासेमारीची शर्यत, म्हणून त्याही उन्नुक्का तळ्याच्या काठावर गेल्या. माशाच्या सुपाची रांग लागली होती. सूप वाढणारी बाई तिशी ओलांडलेली, उंच, लाल कानांची. ती पळी मुठीत न धरता बोटांच्या टोकांनी धरत होती. दांडा तापला असेल, असं बाईंना वाटलं. रांग पुढे सरकली तेव्हा दिसलं की तिच्या दोन्ही तळव्यांवर फोड आले होते आणि त्यातले दोन फुटलेही होते.

"हाताला काय झालं हो?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, वल्ही नवी आहेत. सकाळी जरा वल्हवलं."

जरा म्हणजे पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत, हे बाईंना शेजारच्या माणसाने सांगितलं. तिकडे मंडपात तिच्या नवऱ्याला, ताइस्तो कोसुनेनला, पहिल्या क्रमांकाचा चषक देत होते. टाळ्या पडल्या तशी तिनेही पळी खाली ठेवली आणि बोटांनीच टाळ्या वाजवल्या.

तिचं नाव हिल्का. ती शाळेच्याच स्वयंपाकघरात होती, त्यामुळे पुढची पंचवीसेक वर्षं बाई रोज तिच्या हातचं जेवल्या. हिल्काने स्वतःबद्दल जे सांगितलं ते तिथेच, बटाटे सोलता सोलता, तुकड्यातुकड्याने.

होडी तिच्या वडिलांनी, एमेलींनी, बांधलेली होती. पाइनच्या फळ्या एकीवर एक चढवून, पाच मीटरांची, अंगाने सडपातळ. हिल्का सतरा वर्षांची असताना वडिलांनी तिला अंगणात ओंडक्यावर बसवून तिच्या पायांचं माप घेतलं आणि वल्हवणाऱ्याने बसायची मधली फळी त्या उंचीला बसवली. तळ्यात गळ ओढत नेऊन मासा धरायचा तर एकाने वल्हवायचं आणि दुसऱ्याने मागे बसून गळ सांभाळायचे. एमेली गळ सांभाळत आणि हिल्का वल्हवी. तिचं लग्न झालं तेव्हा होडी तिच्याबरोबर आली आणि मागच्या फळीवर ताइस्तो बसू लागला.

वल्हवणारा मागे तोंड करून बसतो. म्हणजे एकतीस उन्हाळे हिल्का नवऱ्याच्या समोर बसली, आणि त्याच्या खांद्यावरून तिला गळाच्या काठ्यांची टोकं दिसत. टोक वाकलं की ती म्हणे, "डावी." ताइस्तो वळून डावी काठी उचले. तिची वल्हवण्याची एक रीत होती. दोन लांब ओढी, मग एक अर्धी. अर्ध्या ओढीला गळाला आमिष म्हणून बांधलेला लाकडी मासा पाण्यात किंचित खाली बसतो, पुढच्या ओढीला उसळी घेतो, आणि कुहा, तळ्यातला मोठा शिकारी मासा, नेमका त्या उसळीला तोंड घालतो. हे तिला वडिलांकडून आलेलं. ताइस्तो मात्र लोकांना लाकडी माशाच्या रंगाबद्दल सांगे. काठावर कुणी विचारलं की तो हसून म्हणे, "माझं इंजिन पेट्रोल पीत नाही, नुसती कॉफी पितं!" लोक हसत, हिल्काही हसे. चषकावर नाव एकच कोरत, गळ ज्याचा त्याचं. सात वेळा ताइस्तोचं नाव कोरलं गेलं.

तिला याचं वाईट वाटत होतं का? बाईंनी एकदा विचारलं होतं. हिल्का म्हणाली, "चषक पुसायला मलाच लागतो, तेवढा एक त्रास." आणि मग बटाटा टोपात टाकून म्हणाली, "चषक त्याला राहू दे. मधली जागा माझी आहे ना!"

ताइस्तो वार्काउसच्या कागद गिरणीत वायरमन होता. निवृत्त झाल्यावर त्याचे हात रिकामे झाले. त्या वर्षी मार्चमध्ये छपरावरचा बर्फ खाली लोटताना हिल्काचा खांदा दुखावला. तिने आठवडाभर मलम चोळलं, खांदा बरा झाला, आणि उन्हाळाभर ती नेहमीसारखीच वल्हवत राहिली. सप्टेंबरात ताइस्तो जेवताना म्हणाला, "या खांद्याने अजून किती वर्षं ओढणार तू? मी विजेची मोटर बसवीन म्हणतो. तुझ्यासाठीच."

"माझा खांदा काही बोललेला नाही तुझ्याशी," हिल्का म्हणाली.

"मलमाचा वास तर घरभर होता."

त्याच्या मनात कपट नव्हतं. त्याला मोटर हवी होती आणि बायकोची काळजीही होती, आणि या दोन गोष्टी त्याने कधी वेगळ्या करून पाहिल्या नाहीत. काम मात्र त्याने मन लावून केलं. ऑक्टोबरात, तळं गोठायच्या आधी, दोन बॅटऱ्यांच्या वजनाइतकी वाळू पोत्यांत भरून त्याने होडीत ठेवून पाहिली. पोती पुढे ठेवली तर होडी नाक खुपसे, मागे ठेवली तर ढुंगणावर बसे. मधोमध ठेवली की पाण्याची रेघ दोन्ही बाजूंना सारखी येई. मोटर पुढच्या टोकाला बसणार होती, ती रिमोटवर चालणार आणि वाऱ्यातही होडी एका जागी धरून ठेवणार. मागे दोन चरख्या, शिशाचे गोळे तारेने खोल सोडायला. काठ्या खोचायला सहा नळ्या. तळ दाखवणारा पडदा. जाड वायरी तळाच्या फळ्यांखालून न्यायच्या, मध्ये फ्यूज, प्रत्येक जोडाला ग्रीस. हे सगळं त्याने चौकोनी कागदावर आखलं होतं, आणि कागदाच्या मधोमध दोन चौकोन काढले होते.

आमच्या सावो भागात सरळ हो किंवा सरळ नाही कुणी म्हणत नाही. बोलणारा बोलून मोकळा होतो आणि अर्थ लावणं ऐकणाऱ्यावर पडतं. जानेवारीत एकदा सकाळी कॉफी ढवळत ताइस्तो म्हणाला, "ती मधली फळी... तिची आता तशी गरज राहील की नाही, कुणास ठाऊक."

हिल्का दालचिनीचा पाव कापत होती. "राहील तर राहील, नाही तर नाही," ती म्हणाली.

सावोतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात याचा अर्थ एकच होतो. हात लावशील तर बघ. ताइस्तो याच मातीतला होता, त्याची आई असल्याच उत्तरांवर घर चालवायची. तो "हं" म्हणाला आणि कॉफी पिऊन शेडमध्ये गेला.

फेब्रुवारीत दुपारी हिल्का कॉफीचा थर्मास घेऊन शेडमध्ये गेली तेव्हा फळीची एक बाजू कापून झाली होती. ताइस्तोच्या भुवयांवर भुसा बसला होता. "बरं झालं आलीस," तो म्हणाला, "ते टोक जरा धर."

हिल्काने थर्मास खाली ठेवला आणि टोक धरलं. दुसरी बाजूही कापून झाली.

"धरलंस कशाला?" पुढे कधीतरी माइरेबाई जरा रागानेच म्हणाल्या.

"पडली असती ना खाली," हिल्का म्हणाली. "बाबांच्या हातची होती."

फळी चांगली होती, गाठ नसलेली. ताइस्तोने ती शेडच्या भिंतीला ठोकली आणि तिच्यावर बॅटऱ्यांचा चार्जर ठेवला. "बघ, वाया काही गेलं नाही," तो म्हणाला. त्याला खरोखरच बरं वाटत होतं.

मे महिन्यात होडी पाण्यात उतरली तेव्हा धक्क्यावर दहाबारा माणसं जमली. शेजारचा ओइवा तिर्कोनेन सगळ्यांत पुढे होता. तोही शर्यतीत उतरायचा, आणि ताइस्तोकडून हरण्याची त्याला सवय झाली होती.

"अरे ताइस्तो, इंजिन बदललंस म्हणे! जुनं कुठे भंगारात दिलंस?"

"जुनं घरी आहे, सूप शिजवतं," ताइस्तो म्हणाला.

"मग बदली चांगल्या ठिकाणी झाली की!"

सगळे हसले. हिल्काही हसली, कारण तिथे उभं राहून न हसणं फार दिसलं असतं.

त्या आठवड्यात ताइस्तोने तिला बरोबर नेलं. बॅटऱ्यांच्या पेटीवर त्याने उशी ठेवली होती. "बस, आता मजेत बसायचं. काही करायचं नाही." पेटी बुटकी होती, तिचे गुडघे छातीशी आले. तळाला सगळीकडे वायरी आणि नळ्या होत्या, त्यामुळे मागे तोंड करून बसायला पाय ठेवायची जागा नव्हती. ती पुढे तोंड करून बसली. रिमोट ताइस्तोच्या गळ्यात दोरीला लटकत होता. मोटरचा आवाज जवळजवळ नव्हताच. होडी एकसारखी चालली होती, ओढ नाही, अर्धी ओढही नाही. हिल्काला आपले हात कुठे ठेवावेत कळेना. तिने राईच्या कणकेत मासे भरून भाजलेला कालाकुक्को आणला होता, त्याचा डबा तिने दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला.

"डावीकडे खडक वर येतो," बेटाजवळ ती म्हणाली.

"दिसतोय पडद्यावर. चार मीटर."

मागे घंटी वाजली, ताइस्तोने काठी उचलली, आणि दोन किलोचा कुहा आला. संध्याकाळपर्यंत आणखी तीन आले. आदल्या कुठल्याच मे महिन्यात त्यांना एका दिवसात चार मिळाले नव्हते. मोटर वाईट निघाली असती तर हिल्काला काहीतरी बोलता आलं असतं. मोटर उत्तम होती.

शर्यतीत मोटरला मनाई होती. ताइस्तोने त्याचं फारसं मनावर घेतलं नाही. "सात चषक पुरे झाले," तो म्हणाला. पण त्या जूनमध्ये ओइवाचा वल्हवणारा भाऊ गुडघ्याचं ऑपरेशन करून क्वोपिओच्या दवाखान्यात पडून होता, आणि हे गावाला माहीत होतं. नावनोंदणी दुकानाच्या पायरीवर चालली होती. हिल्का दूध घ्यायला म्हणून गेली आणि दूध घेऊन पायरीपाशी उभी राहिली.

"हवा बरी राहील म्हणतात रविवारी," ती ओइवाला म्हणाली.

"राहील बहुतेक."

"वल्हवायला माणूस मिळाला का तुला?"

"छे गं. मेहुण्याला विचारलं, तो एका तासात रडेल."

"आठ तासांचं काम आहे ते. सवय लागते." ती थोडी थांबली. "सवय असलेली माणसं आहेत तशी गावात. घरी बसलेली."

आता न कळण्यासारखं काही नव्हतं. ओइवाने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"नको गं हिल्का! तुझा खांदा तो तसा. ताइस्तोने सांगितलंय सगळं, रात्र रात्र झोप नाही म्हणे तुला. तुला वल्हवायला बसवलं तर हे गाव मला इथेच बुडवील."

पायरीवरच्या दोघातिघांनी माना हलवल्या. तिथे असलेल्या एका बाईने तर हिल्काच्या हातातली दुधाची पिशवीच घेतली. "आण इकडे, मी आणते घरापर्यंत." आणि तिने ती खरंच घरापर्यंत आणली.

ताइस्तो ओसरीवर गळाचे दोर साफ करत होता. पिशवी आणणारी बाई परत गेल्यावर हिल्का त्याच्यासमोर उभी राहिली आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत बोलली नव्हती तसं सरळ बोलली.

"माझा खांदा बरा आहे. मागच्या वर्षीपासून बरा आहे. फळी परत बसव."

ताइस्तोचे हात थांबले. त्याने चष्मा वर केला, तिच्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. तो बराच वेळ विचार करत होता, आणि तो टाळत नव्हता, खरंच विचार करत होता.

"मग बॅटऱ्या कुठे ठेवू?" तो म्हणाला.

हिल्काने होडीकडे पाहिलं. पुढे ठेवल्या तर होडी नाक खुपसणार होती, मागे ठेवल्या तर बसणार होती. तिला होडी त्याच्याहून जास्त कळत होती, म्हणून तिला ठाऊक होतं की मधल्या जागेखेरीज दुसरी जागा नाही. ती आत गेली आणि तिने बटाटे चढवले.

त्या रविवारी तिने काठावर सूप वाढलं. ओइवा मेहुण्याला घेऊन उतरला आणि नववा आला. पुढच्या वर्षी सूप वाढायला तिने दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवलं, आणि सगळ्यांनी समजुतीने माना हलवल्या, कारण पळी उचलायलाही खांदा लागतोच.

ताइस्तो चांगले मासे आणतो. हिल्का ते साफ करते, पिठात घोळवून लोण्यात तळते, आणि दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून जेवतात. तो तिला कुठे किती खोलीवर मिळाले ते सांगतो, ती ऐकून घेते. माइरेबाईही आता निवृत्त झाल्या आहेत आणि कधीमधी कॉफीला जातात. हिल्का त्यांच्याशी सगळ्या विषयांवर बोलते.

तळं घरापासून साठ पावलांवर आहे. गेल्या पाच उन्हाळ्यांत ती त्यावर गेलेली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी ती सकाळच्या बसने वार्काउसच्या तरणतलावावर जाते, तिथे लांब ओढी घेत पोहते आणि दोनच्या बसने परत येते.