विदरबरीच्या चर्चबाहेरचे चोवीस जोड

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या मराठी मंडळात मालिनी देवस्थळींना नुसतं नावाने हाक मारायची कोणाची छाती नाही. त्या मालिनीकाकू. वय एकाहत्तर, गळ्यात शिट्टी, हातात यादी. ज्येष्ठांच्या सहली त्या एकोणीस वर्षं काढतायत, आणि त्यांची सातची बस म्हणजे सातची बस. दोन मिनिटं उशीर केलात तर मागच्या चाकावरची सीट, मग खुशाल आदळत या! विद्यापीठाच्या लायब्ररीत तीस वर्षं काढलेली बाई. उशिरा परत आलेल्या पुस्तकाकडे बघायची तशीच उशिरा आलेल्या माणसाकडे बघते. मुलगा तिकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. दर रविवारी फोनवर म्हणतो, ‘आई, टेक इट ईझी.’ ईझी घेऊन दिवसभर करायचं काय, ते मात्र बापडा सांगत नाही.

तर अशा काकूंच्या हातून मागच्या वर्षी घोटाळा झाला. शशिकांतकाका दीपगृहापाशीच राहिले आणि बस निघाली. तासाभराने परत जाऊन बघतात तो काका बाकावर आइस्क्रीम खात मजेत बसलेले. त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण मंडळात व्हायची ती चर्चा झालीच. यंदाचा नवा अध्यक्ष अवधूत घरी आला. पोरगा गुणी, बोलायला मऊ. म्हणाला, “काकू, नेक्स्ट इयरपासून ट्रिप्स ट्रॅव्हल कंपनीला देऊ या ना. तुम्हालाही रेस्ट मिळेल. या वर्षीची ट्रिप मी येऊन बघतो, मग डिसाइड करू.”

रेस्ट! काकूंना तो शब्द असा झोंबला की त्या दिवशी चहात साखर घालायची राहिली. सहली गेल्या तर आपल्याकडे उरलं काय? रविवारचा फोन. या सहलीत काडीचीही गडबड होता कामा नये, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

म्हणून ऑक्टोबरातल्या शनिवारी त्यांनी निवडलं विदरबरी. कनेक्टिकटमधलं एवढंसं गाव, साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी येऊन वसवलेलं. हरवायचं म्हटलं तरी हरवता येणार नाही, इतकं छोटं. बसमध्ये बावीस ज्येष्ठ, काकू आणि पहिल्या सीटवर अवधूत. त्याच्या मांडीवर पिशवी, पिशवीत ट्रॅव्हल कंपनीची गुळगुळीत ब्रोशर्स. परतताना वाटणार होता म्हणे. काकूंनी ती पाहिली, आणि तिखटमिठाच्या पुऱ्या वाटताना त्याला एक कमी दिली.

गाव मात्र देखणं निघालं. मधोमध हिरवळ, भोवती बुटकी लाकडी घरं, प्रत्येक दारावर बांधल्याचं साल. एका घराचं साल बघून उत्तरामावशी म्हणाल्या, “इतकं जुनं आणि भिंतीला ओल नाही, काय करतात हो हे?” जो तो फोटो काढण्यात गुंग. काकूंनी तीनदा गणती केली, तिन्ही वेळा चोवीस भरले.

मग आलं चर्च. पांढरं शुभ्र, उंच मनोऱ्याचं. पायरीशी एक मोठी चादर अंथरलेली आणि तिच्यावर ओळीने ठेवलेले बूट, चपला, सँडल्स. आता देवाच्या दाराशी पायताणांची रांग दिसली की आपल्या माणसाने काय समजायचं? काकूंना अगदी भरून आलं. बघा, हीही माणसं पाळतात! त्यांनी शिट्टी फुंकली, “चला, सगळ्यांनी पायातलं बाहेर. नीट जोडीने ठेवा!”

काकूंची शिट्टी झाली की कोणी का विचारत नाही. चोवीस जोड चादरीवर मांडले गेले. अवधूतने तर परवाच घेतलेले महागडे रनिंग शूज काढले, शहाण्या मुलासारखे.

आत अर्धा तास एका गोड गोऱ्या आजींनी माहिती सांगितली. बाहेर येऊन बघतात तर पायरी साफ. चादर नाही, बूट नाहीत, काही नाही. आजींच्या तोंडाचा आ झाला. ती चादर म्हणजे गरजूंसाठी जोडे गोळा करण्याची जागा होती. गाडी येऊन सगळं उचलून घेऊन गेली होती. दूरच्या शहरातल्या निवाऱ्याकडे.

चोवीस माणसं मोज्यांवर उभी. एका मोज्यातून शशिकांतकाकांचा अंगठा बाहेर डोकावत होता. संपलं सगळं. काकू अवधूतकडे वळून म्हणाल्या, “चूक माझी. फक्त माझी. कोणाला बोल लावू नकोस.”

आणि शशिकांतकाका हसायलाच लागले. पोट धरून. “अहो मालिनीबाई, देवळाबाहेरून चपला जाणं हा तर आपला शिरस्ता! चाळीस वर्षं अमेरिकेत काढली, आज पहिल्यांदा गावी गेल्यासारखं वाटलं बघा.”

आजी कळवळून म्हणाल्या, गाडी परत बोलावते. काकूंनी सगळ्यांकडे पाहिलं. उत्तरामावशी म्हणाल्या, “माझे कोरे होते. पण दिलेलं परत घेतात का कुठे? जाऊ देत.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. अवधूतची मान जरा उशिरा हलली, पण हलली.

चर्चच्या तळघरात अजून निवडून लावायच्या राहिलेल्या जुन्या जोड्यांचा ढीग होता, तो आजींनी मोकळा करून दिला. सगळे आपल्या पायांपेक्षा दोन-दोन साइझ मोठे. शशिकांतकाका “थांबा, कागद आणतो” म्हणून बसकडे गेले आणि घेऊन आले. जोड्यांत बोळे कोंबून मंडळी निघाली. काकांच्या पायात बर्फातले ढोपरभर बूट, उत्तरामावशींच्या पायात कॉलेजच्या पोरांचे लाल कॅनव्हासचे, अवधूतच्या पायात फुलाफुलांचे गमबूट. फटाक फटाक करत साऱ्या गावातून वरात फिरली. दुकानदार बाहेर येऊन हात हलवत होते. इतकं हसणं एकोणीस वर्षांत एकाही सहलीत झालं नव्हतं. पण काकूंच्या मनातला काटा काही निघेना.

चारला बस. शिट्टी. चोवीस. अवधूत माइक घेऊन उभा राहिला, सीटवर ठेवून गेलेल्या पिशवीत हात घातला, तळापर्यंत चाचपला. “इथे ब्रोशर्स होती. कुठे गेली?”

मग शशिकांतकाकांनी शांतपणे बूट काढला, आतून चुरगळलेला बोळा ओढला आणि पुढे धरला. “घे बाबा. कागद छान आहे हो, अजिबात टोचत नाही.”

अवधूतने स्वतःच्या गमबुटांकडे पाहिलं. मघाशी काकांनी मायेने चार बोळे त्याच्याही बुटांत कोंबले होते. तो आधी गोरामोरा झाला, मग असा हसत सुटला की माइक हातातून पडला. हसून झाल्यावर तो काकूंच्या शेजारी येऊन बसला.

“काकू, कंपनीला नाही म्हणून कळवतो. पुढच्या वर्षी कुठे नेताय?”

काकूंचे डोळे भरले. “मी घरी बसले असते ना रे, तर महिन्याभरात म्हातारी झाले असते,” एवढंच त्यांना बोलता आलं. त्यांनी यादी उलटी करून पेन उघडलं, पण काही सुचेना.

मागून शशिकांतकाका ओरडले, “दीपगृह लिहा! तुम्ही न्यायला आलात तेव्हा माझं आइस्क्रीम अर्धंच झालं होतं.”