तड्याभोवतीचा लाल गोल

समजा, तुमच्यापुढं मोटारसायकलचं उतरवलेलं इंजिन आहे आणि ते पिकअपमधून भांडगावहून शिरूरला न्यायचं आहे. वजन पंचवीस-तीस किलो. तुम्ही काय कराल? हौद्यात ठेवाल, एक दोरी आवळाल आणि निघाल. चौफुल्याच्या पुढच्या पहिल्याच गतिरोधकावर ते उताणं पडलेलं असेल.

आमच्या गावचे पिकअपवाले ज्योतिबामामा, त्यांच्या गाडीत असं कधी झालं नाही. ते आधी इंजिनमधलं ऑइल काढायला लावतात. उघड्या भोकांत चिंध्या कोंबतात. केबिनला लागून जुना टायर आडवा टाकायचा, त्यात गोणपाट घालायचं आणि इंजिन बाईकमध्ये असतं तसं उभं बसवायचं. चार बाजूंनी चार दोऱ्या, पण सिलेंडरच्या फिन्सवरून, म्हणजे त्या नाजूक पातळ पात्यांवरून, एकही नाही. डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये याहून वेगळं कुणी शिकवत नाही. मामा सातवीपर्यंत शिकलेत.

त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. आपली मेंढरं दुसऱ्याच्या कळपात सोडायची वेळ आली, की दोघांनी मिळून जनावर तपासायचं, लंगडं-जखमी आधीच दाखवायचं आणि रंगाची खूण करायची. खूण झाली की वाद नाही. मामांनी मेंढरं सोडून गाडी घेतली, पण ही रीत सोडली नाही. लाल ऑइल पेंटची डबी कायम गाडीत असते.

दिवाळीनंतर मारुतरावआबांचं इंजिन बोरिंगसाठी, म्हणजे झिजलेला सिलेंडर आतून कातून घ्यायला, शिरूरच्या वर्कशॉपात न्यायचं होतं. आबांची फुलशेती, मळ्यातून रस्त्यापर्यंत शेवंती त्याच मोटारसायकलवर यायची आणि पुढं मामांच्या पिकअपमधून बाजारात जायची. मामांनी इंजिन पुसलं आणि थांबले.

"आबा, हितं या. चेसीला बोल्ट बसतो तो ह्यो कान बघा."

"व्हय की. केसावानी तडा दिसतोय."

"तुमी बोट ठिवा त्यावर. मी भवतीनं गोल काढतो."

"लेका ज्योतिबा, इंजिन हाय का मेंढरू?"

"मेंढरू असतं तर त्यानंच वरडून सांगितलं असतं, आबा."

आबा हसले, बोट ठेवलं, गोल निघाला. फोटो का काढला नाही, असं आता सगळे विचारतात. मामा चिडतात. मालक समोर उभा असताना फोटो काढायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं त्यांच्या घरी मानतात.

दोन तासांनी शिरूर आलं. वर्कशॉपचा मालक महेंद्र जेवायला गेला होता. मामांनी इंजिन कामगाराच्या ताब्यात दिलं आणि मार्केट यार्डात दुसरा माल उतरवायला गेले. परत येईपर्यंत इंजिन पेट्रोल आणि ब्रशनं धुऊन लख्ख झालेलं. ओला रंग कधीच निघून गेला होता.

"मामा, कान चिरलाय. वाटेत आपटलं का?" महेंद्रनं विचारलं.

"तडा जुना हाय. लाल गोल काढला व्हता मी."

"कुठंय गोल?"

"तुमीच धुतला! धुवायच्या आधी दोघांनी मिळून बघायची रीत हाय."

"रीत?" महेंद्र गिऱ्हाइकांकडं बघून म्हणाला, "मेंढरं हाकणाऱ्याच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं."

तिथं उभे असलेले चौघे हसले. मामा म्हणाले, "तडा जरा फाकवून बघा. जुना असंल तर आत काळं दिसंल." अगदी बरोबर होतं ते. ॲल्युमिनियमचा ताजा तडा आतून चमकतो, जुन्यात ऑइल आणि धूळ मुरलेली असते. दोन मिनिटांचं काम. महेंद्रनं ते केलं नाही. कान वेल्डिंगला पाठवला आणि घासून गुळगुळीत केला. वीस वर्षं इंजिनं हाताळणाऱ्या माणसाला हे कळत नव्हतं, असं मी मानणार नाही.

मामांनी शेवटचा उपाय म्हणून आबांना फोन लावला, स्पीकरवर.

"आबा, सांगा ह्यांना. गोल काढला व्हता ना?"

 पलीकडून आबा म्हणाले, "काढला असंल बाबा... मला काय नीट आठवत न्हाई. महेंद्रशेठ, तुमी तेवढं इंजिन लवकर करून द्या."

फोन बंद झाला. मामांना परत कुणी काही विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नव्हती.

तेव्हापासून भांडगावची इंजिनं यवतच्या टेम्पोतून जातात, हौद्यात आडवी, एका दोरीवर. आबांची शेवंती मात्र अजून मामांच्याच पिकअपमध्ये चढते. फुलांसाठी त्यांचा हात चालतो.

परवा फुलांची कॅरेट चढवून झाल्यावर मामांनी गाडी चालू केली नाही. खाली उतरून आबांसमोर उभे राहिले.

"उशीर व्हतोय, गाडी काढ," आबा म्हणाले.

"काढतो. पर आबा, तड्यावर बोट तुमचंच व्हतं. दोन-चार तासांत इसरला कसं?"