दाबून ठेवलेला पत्ता

रविवारी दुपारी घरात बदाम सातचा डाव रंगला होता. पत्ते उचलताच माझी भाची मुक्ता ओरडली, "बदाम सत्ती माझ्याकडे!" मला तिचा हेवाच वाटला. पोकर हा माझा धंदा. समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि आपला बंद ठेवायचा, यावर माझं पोट चालतं. एकदा बंद केलेला चेहरा घरी आल्यावर उघडत नाही, हे मात्र हा धंदा शिकवणारं कुणी सांगत नाही.

पत्ते लावता लावता आई म्हणाली, "माझे रिपोर्ट चांगले आलेत हं." बोलताना तिचा अंगठा पत्त्याच्या कडेवरून उगाच फिरत राहिला. पोकरच्या टेबलावर असा अंगठा दिसला की मी सगळे पैसे लावतो. आई खोटं बोलत होती. तो अंगठा हातात धरावासा वाटला, पण माझ्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुला कशाचंच काही वाटत नाही का रे?"

मी हातातले पत्ते सारखे केले. इकडे चौकटची अठ्ठी कुणीतरी अडवल्यामुळे मुक्ताचा डाव अडला होता. "आजी, मामाच पत्ता दाबून बसलाय!"

"नाही गं," आई म्हणाली, "त्याच्याकडे नसेलच."

अठ्ठी माझ्याच हातात होती.